थट्टेच्या शब्दांची कुळकथा

‘अहो, गंमत केली!’ एवढे म्हटले की आपल्याकडे बहुतेक गुन्हे माफ होतात. इंग्रजांकडेही अशा वेळी कामी येणारे शब्द भरपूर आहेत. जेस्ट, जेप, क्विप, बँटर. त्यांतले काही आता जुन्या पुस्तकांपुरतेच उरले असले, तरी त्यांच्या कुळकथा वाचण्यासारख्या आहेत.

‘जेस्ट’ मूळचा लॅटिन ‘गेस्टा’, म्हणजे पराक्रमाची कृत्ये. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता वीरकथा. पुढे नुसती कथा, मग रिकामटेकडी गोष्ट आणि शेवटी थट्टा! याचे आपल्याला नवल वाटायला नको. संस्कृतात ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, कृती. मराठीत येऊन तिचीही थट्टाच झाली. ‘जेप’ चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, खुशाल वावरत होता. पुढे त्याला अश्लील अर्थ चिकटला आणि सभ्य मंडळींनी त्याला वाळीत टाकले. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा घरात आला.

सर्वांत बेवारस ‘बँटर’. सतराव्या शतकात तो इंग्रजीत उपटला. त्याचे मूळ आजही सापडलेले नाही. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’मधून त्याच्याविरुद्ध कुरकुर केली, तर १७५५ च्या कोशात डॉ. जॉन्सनने त्याला रानटी ठरवले. शब्द दोघांनाही पुरून उरला.

आज बँटर म्हणजे बरोबरीच्यांनी खेळीमेळीत एकमेकांची फिरकी घेणे. गोम आहे ती ‘बरोबरीच्यांनी’ या शब्दात. यॉर्कशायरच्या क्रिकेट क्लबात अझीम रफीक या खेळाडूला त्याच्या वंशावरून हिणवले गेले. त्यातल्या एका शब्दाचा वापर चौकशी अहवालाने मित्रत्वाचे बँटर मानला, हे २०२१ मध्ये बाहेर आले आणि इंग्लंडात संताप उसळला.

त्या अहवालाला हसण्याचा अधिकार मात्र मला नाही. बँकेत अधिकारी असताना एका शिपायाच्या तोतरेपणाची नक्कल मी भर कॅश काउंटरपाशी केली होती. सगळे हसले. तोही हसला. त्याचे हसणे मी पावती समजलो. साहेबांच्या विनोदाला शिपायाने हसायचे नाही तर काय करायचे, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला.

थट्टा, मस्करी, टिंगल, कुचेष्टा हे वेगवेगळे शब्द मराठीने उगाच सांभाळलेले नाहीत. त्यांतला कोणता लागू पडतो, हे बोलणाऱ्याने नव्हे, ज्याच्यावर बोलले गेले त्याने ठरवावे. माझ्यापुरते सांगायचे, तर त्या दिवशी मी केली ती गंमत नव्हती. कुचेष्टा होती.