मदतीच्या बटणामागे काय?

विंडोज १० या संगणकप्रणालीचा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून आणखी वर्षभर सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली आहे. पण ती मुदतवाढ झाली, उपाय नव्हे. विंडोज ११ बसवायचे तर संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा वर्षे इमानेइतबारे चाललेली असंख्य यंत्रे आज ठणठणीत असूनही कागदोपत्री म्हातारी ठरली आहेत. ती भंगारात घालायची नसतील तर लिनक्स हा पर्याय आहे आणि तो फुकट आहे. शाळा, ग्रंथालये, छोटी कार्यालये आणि घराघरांतले जुने लॅपटॉप यांच्यासमोर हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने उभा आहे.

लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याचा उद्योग, हा समज जुना झाला. पडद्यावरची पट्टी, खिडक्या, फोल्डर, घड्याळ, सेटिंग्जचे चौकोन हा सगळा संसार सांभाळणाऱ्या प्रणालीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि लिनक्सवर ती एकच एक नसते. मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्पाची घोषणा केली ती १४ ऑक्टोबर १९९६ रोजी. (विंडोज १०ची मुदत बरोबर त्याच तारखेला संपावी हा योगायोग केडीईच्या मंडळींनी हौसेने मिरवला, तर त्यांना दोष देता येणार नाही.) ग्नोम त्यानंतर वर्षभरात, १९९७च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रांवर मात्र बहुतेक जाणकार तिसरे नाव सुचवतात ते एक्सएफसीईचे. ऑलिव्हिए फूर्दां यांनी तेही १९९६मध्येच सुरू केले. दिसायला साधे, वजनाने हलके.

नवखा माणूस अडतो तो पहिल्या तासाभरात, आणि अडला की ‘मदत’ असे लिहिलेले बटण दाबतो. इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

एप्रिल २०१२मध्ये एक्सएफसीईची ४.१० ही आवृत्ती आली. त्या वेळी प्रकल्पाने बऱ्याच चर्चेनंतर एक निर्णय घेतला: प्रणालीबरोबर संगणकावर येणाऱ्या माहितीपुस्तिका काढून टाकायच्या आणि सगळे लेखन एका ऑनलाइन विकीवर ठेवायचे. हेतू चांगला होता. आधीच्या पुस्तिका एक्सएमएलच्या खुणांनी भरलेल्या फायलींत लिहाव्या लागत. एक वाक्य सुधारायचे तरी प्रोग्रामरची अवजारे हवीत, ती वापरण्याची सवय हवी आणि बदल पुढच्या आवृत्तीपर्यंत लोकांच्या हाती पडणार नाही. विकीवर तेच काम पाच मिनिटांचे. लिहिणारे वाढावेत म्हणून दार उघडले, एवढाच त्याचा अर्थ.

त्याची किंमत वाचणाऱ्याने मोजली. मदतीचे बटण दाबल्यावर एक चौकट येते आणि सांगते की माहितीपुस्तिका या संगणकावर नाही, ती ऑनलाइन वाचता येईल. आणि पुढे प्रामाणिकपणे हेही सांगते की ती तुमच्याकडच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. ज्या शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट कधी असते, कधी नसते, तिथे या चौकटीचा उपयोग शून्य. ज्याला वायफायच जोडता येत नाही म्हणून मदत हवी आहे, त्याला वायफायवरूनच मदत मिळणार, हा तर निव्वळ विनोद. आणि जुळण्याचा प्रश्न किरकोळ नाही. ४.१२ आवृत्ती २०१५मध्ये आली, ४.१४ला २०१९ उजाडले, आणि ४.२० आली डिसेंबर २०२४मध्ये. स्थिरतेसाठी जुनी आवृत्ती धरून बसलेल्या लिनक्सवर एक चित्र दिसते, नव्यावर दुसरे. पानाच्या माथ्यावर ‘हे अमुक आवृत्तीसाठी, अमुक महिन्यात तपासले’ एवढी ओळ असेल तर वाचक निदान स्वतःला मूर्ख समजत नाही. ती नसेल तर आपलेच काही चुकले असे समजून तो गप्प बसतो.

एक साधे काम घेऊ. एखाद्या शिक्षिकेला या हलक्या डेस्कटॉपवर मराठीत टंकायचे आहे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडायचा, त्यात लेआउटचा भाग निवडायचा, नवा लेआउट जोडायचा. तीन पायऱ्या. पण तिसऱ्या पायरीवरचे सगळे काही करडे, निर्जीव पडलेले असते. दाबले तरी दाद देत नाही. कारण वर एक खूण आहे, ‘सिस्टीमची मूळ मांडणी वापरा’ अशा अर्थाची, आणि ती चालू आहे. ती बंद केल्याशिवाय खालचे काहीच जागे होत नाही. सवयीच्या माणसाचा हात तिकडे आपोआप जातो, म्हणून हे सांगायला हवे असे त्याच्या मनातही येत नाही. ती खूण सापडली की यादी उघडते आणि यादीत ‘मराठी, कागापा, फोनेटिक’ असे नाव दिसते. कागापा म्हणजे काय? हे ‘कन्नड गणक परिषद’ या नावाचे संक्षिप्त रूप. उच्चारानुसार टंकण्याची त्यांची मांडणी मराठीसाठीही वापरली जाते. रोमन अक्षरांवरून टंकण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला नेमका हाच लेआउट हवा असण्याची शक्यता मोठी. पण नावावरून त्याला हे कळावे कसे? इन्स्क्रिप्ट आणि कागापा यांत फरक काय, कोणी कोणता घ्यावा, हे सांगणाऱ्या चार ओळी हव्यात. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, प्रोग्रामर लागत नाही, पैसाही लागत नाही.

मग त्या चार ओळी लिहिल्या का जात नाहीत? आळस हे सोपे उत्तर झाले आणि ते अर्धेच खरे आहे. गिटहबने २०१७मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांत वावरणाऱ्यांची मोठी पाहणी केली. अपुरी किंवा जुनाट माहिती ही समस्या आपण पाहिली आहे, असे ९३ टक्क्यांनी सांगितले. त्याच पाहणीत योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी कबूल केले की आपण मदतलेखनाला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. घरात पसारा आहे हे सगळ्यांना दिसते, झाडू मात्र दुसऱ्याने घ्यायचा, असा हा प्रकार. नवे वैशिष्ट्य लिहिणाऱ्याचे नाव आवृत्तीच्या घोषणेत येते. गोंधळात टाकणारा परिच्छेद सरळ करणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षातही राहत नाही.

उरलेले अर्धे कारण मानसशास्त्रात आहे. १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटत होते की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतात. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. जे आपल्याला ठाऊक आहे ते ठाऊक नसण्याची अवस्था माणसाला पुन्हा कल्पनेत आणता येत नाही. अर्थशास्त्रज्ञांनी १९८९मध्ये याला ‘ज्ञानाचा शाप’ असे नाव दिले. सॉफ्टवेअर ज्याने घडवले त्यानेच त्याची माहितीपुस्तिका लिहिली की वाचणाऱ्याच्या वाट्याला हीच टकटक येते.

यावर औषध आहे आणि तेही नवे नाही. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात कार्यालयीन कर्मचाऱ्यांना वर्ड प्रोसेसर शिकताना बारकाईने पाहत होते. त्यांना दिसले की माणसे पुस्तिका पहिल्या पानापासून वाचतच नाहीत. त्यांना पत्र टंकायचे असते. ती थेट यंत्राशी झोंबू लागतात, अडतात, चुकतात, आणि मग पुस्तिकेत नेमके तेवढेच शोधतात. मग कॅरल यांनी पुस्तिकाच बारीक केली. प्रस्तावना आणि स्तुती काढली, पाठांना खऱ्या कामांची नावे दिली, आणि चूक झाल्यास परत कसे यावे हे जागोजागी सांगितले. ही बारीक पुस्तिका वापरणारे जाडजूड पुस्तिकावाल्यांपेक्षा लवकर शिकले. कॅरल यांच्या १९९०च्या पुस्तकाचे नाव आहे ‘द न्यूर्नबर्ग फनेल’. विद्यार्थ्याच्या डोक्याला भोक पाडून नरसाळ्याने ज्ञान ओतायचे, या जुन्या जर्मन कल्पनेवरून घेतलेले. असे नरसाळे नाही, हेच पुस्तकाचे म्हणणे.

ग्नोमने हा धडा बऱ्यापैकी घेतला. २०११च्या ग्नोम ३बरोबर त्यांची मदतपाने प्रकरणांऐवजी छोट्या छोट्या विषयांत मांडली गेली. एक पान, एक काम. त्यासाठी मॅलर्ड नावाची लेखनपद्धतीच त्यांनी तयार केली, आणि ही पाने संगणकावरही येतात, ऑनलाइनही दिसतात. दोन्हींपैकी एक निवडण्याची सक्ती मुळातच नाही, हे यातून दिसते. विकीवर लिहावे आणि प्रत्येक आवृत्तीच्या वेळी त्याची एक प्रत बांधून प्रणालीसोबत द्यावी, यात तांत्रिकदृष्ट्या अशक्य असे काही नाही. ते कोणी तरी नेमाने करायला हवे, एवढीच अडचण आहे, आणि स्वयंसेवी प्रकल्पात ती सर्वांत मोठी असते.

मुंबईच्या आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प या बाबतीत लक्ष देण्याजोगा आहे. सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ, समोर पाठ चालू ठेवून शेजारी तेच करून पाहायचे, आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पाठाची संहिता ध्वनिमुद्रित होण्याआधी विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून तपासली जाते, ही त्यातली मोलाची पायरी. कॅरल यांना जे प्रयोगशाळेत उमगले ते इथे रोजच्या कामाचा भाग झाले आहे. मर्यादाही आहे: बदलतो तो आवाज, पडदा इंग्रजीतच राहतो, आणि पडदा बदलला की चित्रफीत जुनी होते. उबुंटूने २०११मध्ये ग्नोमचा डेस्कटॉप सोडून स्वतःचा युनिटी आणला, २०१७मध्ये पुन्हा ग्नोमकडे परतला. अशा वेळी लिखित पानात दोन शब्द बदलतात, चित्रफीत मात्र नव्यानेच करावी लागते.

भाषांतराच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांत मूळ इंग्रजी मजकुराचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यासमोर भाषांतर ठेवले जाते. इंग्रजीत एखादा स्वल्पविराम जरी हलला तरी तो तुकडा ‘संशयास्पद’ ठरतो आणि कोणी पुन्हा तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजीच दिसू लागते. मराठी पान वाचता वाचता मध्येच परका परिच्छेद येतो तो यामुळे. म्हणजे इंग्रजी पाने ‘जरा नीट’ करणारा उत्साही स्वयंसेवक नकळत दहा भाषांतले काम पाडत असतो. सुधारणा करावी, पण केवळ शैलीसाठी खाजवत बसू नये. बदल एकगठ्ठा करावेत आणि भाषांतरकारांना वेळ द्यावा. हे बोलायला कंटाळवाणे आहे, पण भाषांतर टिकते ते अशाच शिस्तीवर.

चित्रांविषयीही थोडे कठोर बोलायला हवे. ‘खाली दाखवल्याप्रमाणे करा’ असे लिहून पडद्याचे चित्र चिकटवणे सोपे, पण अंध वाचकाला ते पान कोरेच. ग्नोमसोबत ओर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम येतो. सुपर, ऑल्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो. सुपर, ऑल्ट आणि ८ दाबले की पडदा मोठा होतो. उतारवयात नजर मंदावलेल्यांनाही हे दुसरे उपयोगी आहे. पण ही माहिती मदतपानांच्या आत, सुलभतेच्या विभागात, तिसऱ्या पातळीवर असेल तर तिथवर पोहोचण्यासाठी आधी दिसायला हवे. प्रणाली बसवताना येणाऱ्या पहिल्याच पडद्यावर आणि पहिल्याच पानावर या दोन ओळी असाव्यात, शब्दांत.

हल्ली कोणी मदतपाने वाचतच नाही, लोक सरळ एआयला विचारतात, असा युक्तिवाद होतो. पण ती यंत्रेही शिकतात ती अशाच लेखनातून. पान जुने असेल तर उत्तरही जुने येते, फक्त अधिक ठामपणे. दहा वर्षांपूर्वीचा मेनू आत्मविश्वासाने शोधायला सांगणारा सहायक नवख्याला अधिकच हैराण करतो.

या कामाला पगारी माणसे मिळावीत असा एक प्रयत्न गूगलने २०१९मध्ये ‘सीझन ऑफ डॉक्स’ नावाने सुरू केला. तांत्रिक लेखकांना मानधन देऊन प्रकल्पांशी जोडायचे. असे मानधन कायम मिळेल यावर कोणत्याही डेस्कटॉपने विसंबू नये. हाताशी असलेला साठा वेगळाच आहे: पहिल्यांदाच लिनक्स बसवलेली, अजून गोंधळलेली माणसे. कुठे अडलो हे त्यांना आज नेमके आठवते. सहा महिन्यांनी तीही टेबलावर टकटक करू लागतील. त्या शिक्षिकेला करड्या पडलेल्या चौकोनाचे कोडे ज्या दिवशी सुटले, त्याच संध्याकाळी विकीवर एक ओळ लिहिता आली पाहिजे: लेआउट जोडण्याआधी वरची खूण काढा.