स्थानकातल्या खुर्च्या वाढत चालल्यात



गेल्या संवत्सरीला प्रतिक्रमणाच्या वेळी सहज मोजलं, बायकांच्या बाजूला अकरा खुर्च्या होत्या. पूर्वी दोन असायच्या, त्याही ऐंशीच्या पुढच्या आजींसाठी. यंदा त्या अकरांतल्या चौघी माझ्याच वयाच्या, अजून पन्नाशीही न गाठलेल्या. आणि खरं सांगते, दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक जमिनीला टेकवून तिसऱ्या वंदनेनंतर उठताना मलाही शेजारणीचा खांदा धरावा लागला. बारावी खुर्ची माझीच होती म्हणा ना.

ज्यांचे गुडघे खरंच झिजलेत त्यांनी खुर्चीवर बसावंच. पण आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या मांड्यांत नुसता जोर उरलेला नाही, आणि तो घरच्या घरी परत आणता येतो. हे बोलले की पहिलं उत्तर येतं, "अगं, दिवसभर घरकाम करतो, तो व्यायाम नाही का?" माझ्या सासूबाई जात्यावर दळायच्या, आडाचं पाणी शेंदायच्या, चुलीपुढे उकिडवं बसून तीस-चाळीस पोळ्या करायच्या. आपल्याकडे ओटा, मिक्सर आणि वॉशिंग मशीन आहे. आपल्या कामाने थकवा येतो, पण ताकद येत नाही. स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं मिळालं तरच तो वाढतो, आणि पोळ्या तर आपण रोज तितक्याच लाटतो. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, पाळी गेल्यावर हाडंही वेगाने विरळ होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये पुन्हा सांगितलं, की चालणं तर हवंच, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे देहाचे लाड नाहीत का? मलाही ते टोचत होतं. मग वेरूळच्या जैन लेण्यांत गेलो होतो ते आठवलं. बत्तीस नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, बाहुबली कायोत्सर्गात उभे आहेत, अंगावर वेली चढल्यात. देहाची ममता सोडली होती त्यांनी, पण उभे होते ते पायांवरच ना! सहा संघयणं आपण थोकड्यात पाठ केलीत. वज्रऋषभनाराच संघयणाशिवाय मोक्ष नाही, असं आपलं शास्त्रच सांगतं. या पाचव्या आऱ्यात ते आपल्या नशिबी नाही, कबूल. म्हणून जे आहे तेही खुर्चीत बसून घालवायचं का?

जिमसाठी फुलंब्रीहून संभाजीनगर गाठणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी सुरुवात केली ती जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीपासूनच! खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीशी धरायचे, उठायचं आणि सावकाश बसायचं, धपकन नाही. आठ वेळा, मिनिट-दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. मग भिंतीला तळवे टेकवून छाती भिंतीकडे नेत दंड काढायचे. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालायचं. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, डंबेल विकत घ्यायची गरजच नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. एवढंच, वीस मिनिटं, सोमवार आणि गुरुवार. बारा वेळा सहज जमू लागलं की ओझं थोडं वाढवायचं. मी आता पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरून उठते. (चटई अंथरण्याआधी जमीन पुंजून घ्या, पावसाळ्यात मुंग्या फार.) रक्तदाब किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

माझी वेळ दुपारी चारची. त्यानंतर स्वयंपाक आणि सूर्यास्ताआधी जेवण, म्हणजे चौविहारही सांभाळला जातो. जेवणात प्रथिनं हवीत. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतात. तीस ग्रॅम मूगडाळीत सात ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे पातळ वरणावर भागणार नाही. मूग, मठ, हरभरे, शेंगदाणे, दूध, ज्यांना चालतं त्यांनी पनीर, आणि एकासना असेल तर त्या एकाच जेवणात हे सगळं नीट. कॅप्सूलच्या मागे लागू नका. त्यांचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं.

उपवासाच्या आणि आयंबिलच्या दिवशी मी ओझं उचलत नाही. अठ्ठाई करणाऱ्यांनी तर त्या आठवड्यात आणि पारण्यानंतरचे काही दिवस हे बंदच ठेवावं. तप आणि व्यायाम एकाच दिवशी रेटण्यात कसली बहादुरी!

पहिले पंधरा दिवस मांड्या दुखल्या. घरातले हसले. सासूबाई मात्र गप्प बघत होत्या. मागच्या महिन्यात चार वाजता त्या स्वतःच खुर्ची ओढून भिंतीला लावून बसल्या. त्यांना मी टेबलाचा आधार घ्यायला लावते, पाच वेळाच. उठ-बस मी मोजायची आणि त्यांनी प्रत्येक उठण्याला नवकाराचं एक पद म्हणायचं, असं आमचं ठरलंय. पाच पदं झाली की त्या म्हणतात, "चूलिका राहिली की गं," आणि सहाव्यांदा उठायला बघतात. मी त्यांना धरून बसवते.