जेत्यांचाही पराभव

गृहकलहात अखेर कोण जिंकतो, याचे उत्तर जपानच्या इतिहासात सापडते. ११८० मध्ये ताइरा कुलप्रमुख कियोमोरी याने आपला तान्हा नातू आंतोकू यास सिंहासनावर बसविले. डावलल्या गेलेल्या राजपुत्र मोचिहितोने आवाहन केले आणि मिनामोतो कुळाने शस्त्र उचलले. २५ एप्रिल ११८५ रोजी दान-नो-उरा येथे, शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत, दोन्ही आरमारे भिडली. ताइरा दर्यावर्दी होते. पण भरतीचा प्रवाह उलटला आणि त्यांचाच सरदार तागुची शिगेयोशी फितूर झाला. सहा वर्षांचा बालसम्राट आजीसह समुद्रात बुडाला.

जेत्यांच्या पदरी तरी काय पडले? विजयी सेनापती योशित्सुने याच्या जिवावर त्याचाच थोरला बंधू योरितोमो उठला. ११८९ मध्ये योशित्सुनेला आत्मघात करावा लागला. १२१९ मध्ये योरितोमोचा पुत्र सानेतोमो पुतण्याच्या हातून मारला गेला आणि शोगुनपद त्या घराण्यातून गेले. ज्या सिंहासनासाठी रक्त सांडले, तेही १८६८ पर्यंत बहुतांशी नामधारीच राहिले.

ही कथा दूरदेशीची असली, तरी तिचा बोध प्रत्येक समाजासाठी आहे. मतभेद घरोघरी, संस्थोसंस्थी असणारच. ते वेळीच संवादाने मिटविणे, हेच संघटनेचे खरे सामर्थ्य होय.