मालक बदलला, कूळ तेच

फेब्रुवारी २०२१ मध्ये खाती बंद करण्याच्या आदेशांवरून भारत सरकार आणि ट्विटर यांच्यात संघर्ष पेटला, तेव्हा काही केंद्रीय मंत्री आणि सरकारी खाती ‘कू’ या स्वदेशी माध्यमावर दाखल झाली. त्या पिवळ्या पक्ष्याचे स्वागत किती उत्साहाने झाले, हे वाचकांना स्मरत असेल. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय, वर ‘आत्मनिर्भर’ स्पर्धेतील पारितोषिक. आणखी काय हवे? जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. उद्योग फसला म्हणून त्यांना दोष देणे अनुदारपणाचे ठरेल. प्रश्न वेगळाच आहे. एका कंपनीचे गणित चुकले, म्हणून मायबोलीत जोडलेला सारा गोतावळा का विस्कटावा?

उत्तर कटू आहे. आपण परकीय जमीनदाराकडून स्वदेशी जमीनदाराकडे गेलो. कुळाचे कूळच राहिलो. तिकडे एलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यावर चालणारी इतरांची ॲप पूर्वसूचनेविना बंद पाडली. मालकाची मर्जी!

ई-मेलचे असे होत नाही. एका कंपनीच्या पेटीतले पत्र दुसरीच्या पेटीत पोचते, कारण ते कसे पोचवायचे याचे नियम १९८२ पासून सर्वांना खुले आहेत. अशा नियमावलीलाच प्रोटोकॉल म्हणतात. समाजमाध्यमांसाठीची ‘ॲक्टिव्हिटीपब’ ही नियमावली जानेवारी २०१८ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्य झाली. मॅस्टोडॉन तिच्यावरच चालते. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, आपले नियम ठरवावेत आणि तरीही इतर सर्व्हरवरील लोकांशी संवाद साधावा. घर बदलले तर अनुयायी सोबत येतात (जुने लेखन मात्र मागे राहते, ही उणीव खरी). ब्लूस्कायचा ‘एटी प्रोटोकॉल’ लेखनासह स्थलांतराची सोय देतो. परंतु तेथील बहुसंख्य खाती त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. दार उघडे असले म्हणजे माणसे बाहेर पडतातच असे नाही.

यावर काहीजण विचारतील, की तेथेही परकीय सर्व्हरचालकांची मनमानी नाही काय? आहे. २०१९ मध्ये ‘गॅब’ हे अमेरिकी माध्यम मॅस्टोडॉनच्या प्रणालीवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरनी त्याच्याशी संबंधच तोडले. शेजारी बोलणे टाकू शकतो. पण आपल्या घरातून आपल्याला हुसकावून लावू शकत नाही, आणि मुद्दा तोच आहे.

खरी अडचण निगराणीची आहे. युरोपीय संघाच्या डेटा-संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू केला. मे २०२४ मध्ये तो बंद झाला, कारण जबाबदारी घेणारी दुसरी संस्था मिळाली नाही! तंत्रज्ञान फुकट मिळते, राबणारा माणूस मिळत नाही.

आणि इथेच आपल्याकडील संस्थांना जाब विचारला पाहिजे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. पुस्तके सांभाळणारी माणसे या समाजाने सव्वाशे वर्षे पुरवली. मग साहित्य संस्था, विद्यापीठे, नियतकालिके आपला सारा वाचक फेसबुकच्या पानावर का ठेवून बसली आहेत? संकेतस्थळाचे नाव त्यांच्याकडे आहे, संगणक जाणणारे तरुण आहेत. चार-पाच संस्थांनी वर्गणी काढून एक मराठी सर्व्हर चालवावा, त्याच्या देखभालीसाठी एक पगारी माणूस नेमावा आणि आपली खाती आधी तेथे उघडावीत.