एकदा विकलेला माल परत घेतला जाईल

आमच्या लहानपणी चाळीत बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची आणि त्यावर स्टीलचं भांडं द्यायची. आमची आई या व्यवहारात फार तरबेज होती, निदान तिचा तसा समज होता. एकदा तिनं वडिलांची एक 'जुनी' पॅंट आणि दोन साड्या देऊन झाकणाचा मोठा डबा मिळवला आणि दिवसभर तो साऱ्या मजल्याला दाखवला. संध्याकाळी वडील कचेरीतून आले आणि म्हणाले, "अगं, माझी ती लग्नातली पॅंट कुठाय? उद्या साहेबांच्या मुलाची मुंज आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी आई बोहारणीला शोधत पार नाक्यापर्यंत गेली. पॅंट परत आली, पण डबा गेला, वर आणखी एक बरी साडी गेली आणि पंधरा रुपये रोख गेले. पुढे कित्येक वर्षं ती पॅंट आमच्या घरातली सर्वांत महाग वस्तू होती.

ही गोष्ट आज काढायचं कारण, मुंबई इंडियन्स नावाचा आमचा क्रिकेटचा संघ गेली काही वर्षं नेमका हाच धंदा करतो आहे. फरक इतकाच, की आमच्या आईनं तो एकदाच केला.

लोकांना वाटतं, आयपीएल एप्रिल-मे महिन्यांत असते. साफ चूक! एप्रिल-मेमध्ये फक्त निकाल लागतो. खरी परीक्षा होते ती थंडीत, म्हणजे वानखेडेवर चिटपाखरू नसतं आणि कुठल्याशा गार खोलीत कोट घातलेली मंडळी टेबलाभोवती बसून हातातली पाटी वर-खाली करत असतात तेव्हा. आमच्या संघानं २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच चषक जिंकले ते मैदानावर. त्यानंतरचे जे गेले, ते माझ्या मते त्या टेबलावर गेले.

मी पडलो बी. कॉम. माणूस. जमा आणि नावे यांच्या पलीकडचं मला फारसं कळत नाही, पण तेवढं पुरतं. ट्रेंट बोल्टचंच खातं उघडून बघा. २०२० च्या अंतिम सामन्यात पहिल्याच चेंडूवर बळी घेऊन दिल्लीचं कंबरडं मोडणारा हा गडी. २०२२ साली मोठा लिलाव आला. नियम असा, की चारच खेळाडू ठेवता येतील. ठीक आहे, नियमापुढे कोणाचं चालतं? आमच्यांनी रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले. त्यात ४२ कोटी गेले, हाती ४८ उरले. इथवर मी काही बोलत नाही. पण मग लिलावात बोल्ट ८ कोटींना राजस्थानला गेला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्यांनी तितकेच, बरोब्बर ८ कोटी जोफ्रा आर्चरवर लावले. आर्चर थोर गोलंदाज, वादच नाही. पण तो दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणार नाही हे सर्वांना आधीच ठाऊक होतं! म्हणजे ४८ पैकी ८ कोटी आम्ही पुढल्या तारखेच्या चेकमध्ये गुंतवले. तो चेक वटला २०२३ साली, पाच सामन्यांपुरता, आणि त्याच हिवाळ्यात आर्चरला सोडून दिलं. इकडे २०२२ मध्ये संघ ओळीनं पहिले आठ सामने हरला आणि दहा संघांत दहावा आला.

आणि बोल्ट? नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्याला परत आणलं. किती रुपयांना? साडेबारा कोटींना! वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्हांला घसारा नावाचं प्रकरण होतं. यंत्र वापरलं की दरवर्षी त्याची किंमत कमी धरायची. इथे यंत्र तीन वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात चाललं आणि पस्तिशी गाठून साडेचार कोटींनी महाग होऊन घरी आलं. हा कुठला घसारा ते मी आमच्या शाखेच्या ऑडिटरसाहेबांना विचारलं. ते चेन्नईचे पाठीराखे निघाले. नुसतेच हसले.

लेजर एकदा उघडलं की माणूस मिटवत नाही, म्हणून आणखी एक नोंद वाचून दाखवतो. २०१९ च्या जुलैमध्ये आमच्यांनी मयंक मार्कंडे हा फिरकी गोलंदाज दिल्लीला देऊन त्याच्या बदल्यात शेर्फेन रदरफोर्ड घेतला. पुढे दोघेही गावोगाव फिरले, मार्कंडे मध्येच एकदा घरी येऊनही गेला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्यांनी काय करावं? एक कोलकत्याहून आणि एक गुजरातहून असे दोघेही आणले! म्हणजे पॅंटही घरात आणि डबाही घरात. आईला हे जमलं असतं तर तिनं चाळीत सत्यनारायण घातला असता.

पण हे झाले पैशांचे व्यवहार, आणि पैसे काही माझे नाहीत. मला खरं लागलं ते १५ डिसेंबर २०२३ ला.

हार्दिक पंड्याला २०१५ साली आमच्याच लोकांनी १० लाखांत हुडकून काढलं होतं. काय नजर होती तेव्हा! तोही २०२२ च्या आधी गेला, गुजरातचा कप्तान झाला आणि पहिल्याच वर्षी चषक जिंकला. मग आमच्यांना त्याची आठवण आली. कॅमेरून ग्रीन नावाचा साडेसतरा कोटींचा, एकाच मोसमापूर्वी घेतलेला आणि वानखेडेवर शतक मारलेला गडी बंगलोरला देऊन जागा केली आणि हार्दिकला परत आणलं. इथवरही चालेल. पण पंधरा डिसेंबरला एक पत्रक निघालं, की यापुढे कप्तान हार्दिक. पाच चषक आणून देणाऱ्या रोहितचे आभार वगैरे.

आता शाखेत असं समजा, की दहा वर्षं शाखा सांभाळून पाच वेळा पहिला नंबर आणणारा मॅनेजर एका सकाळी येतो, तर त्याच्या खुर्चीत गुजरातहून बदलून आलेला माणूस बसलेला. आणि जुन्या मॅनेजरनं मात्र त्याच शाखेत, बाजूच्या टेबलावर, हसतमुखानं काम करायचं. असली ऑर्डर काढणाऱ्याला शाखा म्हणजे काय हे कळत नाही, इतकंच मी म्हणेन.

आणि मग ते वानखेडे! १ एप्रिल २०२४, समोर राजस्थान. हार्दिक नाणेफेकीला आला आणि सारं मैदान त्याच्यावर हुर्यो करू लागलं. प्रेक्षकांना नीट वागायला सांगायची पाळी संजय मांजरेकरांवर आली. आमच्या घरी टीव्हीसमोर चिरंजीवांनीही तोंडात बोटं घालून शिटी मारली. मी त्याला दरडावलं. ही म्हणाली, "अहो, तुम्हीच तर चार महिने त्याच्या नावानं बोटं मोडताय!"

मोडली होती, मान्य. पण त्या क्षणी मला तो पोरगा काउंटरच्या आत दिसला. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या आत बसतो. व्याजदर हेड ऑफिस ठरवतं, सर्व्हर हेड ऑफिसात बंद पडतो, फॉर्म तिथूनच बदलतात. आणि शिव्या मला. हेड ऑफिसच्या दारात जाऊन ओरडलेला एकही ग्राहक मी पाहिलेला नाही. ज्यांनी पत्रक काढलं ते त्या दिवशी आरामात बसले होते आणि हुर्यो झाली ती ऑर्डर घेऊन आलेल्याची. पुढे काय झालं? राजस्थानच्या एका गोलंदाजानं पहिल्याच षटकात रोहितला पहिल्या चेंडूवर घरी पाठवलं, पुढच्या चेंडूवर नमन धीरला, आणि थोड्या वेळानं ब्रेविसलाही भोपळ्यावर. गोलंदाजाचं नाव सांगू? ट्रेंट बोल्ट. आमचीच पॅंट घालून बोहारीण आमच्याच मुंजीला आली होती!

त्या मोसमात संघ पुन्हा दहावा. सगळे म्हणाले, यांच्यात दम राहिला नाही. आणि २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये भारतानं विश्वचषक जिंकला तेव्हा कप्तान रोहित, शेवटचं षटक हार्दिकचं, सीमारेषेवरचा तो झेल सूर्यकुमारचा आणि मालिकावीर बुमराह. दहाव्या नंबरच्या संघातली चार माणसं! ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. आता सांगा, दम कुणात नव्हता? माणसांत, की माणसं मांडणाऱ्यांत?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नव्या चेंडूचा चांगला गोलंदाज हाती असेल तर तो सोडू नका. एक बरा फिरकीवाला तीन-चार वर्षं सलग ठेवा. ५० लाखांच्या पीयूष चावलानं २०२३ मध्ये २२ बळी घेतले, हे विसरू नका. आणि कप्तान बदलायचा असेल तर पत्रक काढून बदलू नका. ज्याला काढता त्याला मैदानावर, आमच्यासमोर निरोप द्या. साध्या शिपायालासुद्धा आम्ही शाल-श्रीफळ देतो हो!

तर १६ डिसेंबर २०२५ ला पुन्हा लिलाव होता, अबू धाबीला. दुपारची वेळ, काउंटरला गर्दी, आणि ड्रॉवरमध्ये उघडा ठेवलेला माझा मोबाईल. आमच्यांच्या थैलीत उरले होते जेमतेम पावणेतीन कोटी. इतक्यात क्विंटन डी कॉकचं नाव आलं. २०२२ ला आम्ही सोडलेला, लखनौनं पावणेसात कोटींना उचललेला. आणि आमच्यांनी त्याला परत घेतला चक्क १ कोटीत! आयुष्यात पहिल्यांदा पॅंट परत आली आणि डबाही वाचला. मी टेबलावर हात आपटून "वा!" म्हणालो.

काउंटरपलीकडचे आजोबा दचकले. पासबुक पुढे सरकवत म्हणाले, "साहेब, आलं का व्याज?"