परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हातीं देऊं नये

शेतीच्या मासिकांत ‘पासवर्ड’ आणि ‘ओटीपी’ यांची चर्चा कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, अवजारांचें अनुदान, पीएम किसानचा हप्ता, हीं सर्व कामें आतां पोर्टलावर होतात. ई-पीक पाहणींत तर १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करूं लागला. तेव्हां या पोर्टलाची किल्ली कोणापाशीं आहे, हा प्रश्न बांधाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां, कोऱ्या कागदावर अंगठा देऊन मागाहून कचेरीचे उंबरे झिजविणारे लोक मीं पाहिले आहेत. आज ओटीपी हा आपला अंगठाच होय. कोऱ्या कागदावर अंगठा न देणारे शहाणे गृहस्थहि ओटीपी मात्र विचारील त्यास सांगून मोकळे होतात, याचें नवल वाटतें.

आमच्या गांवांतील एका बागाईतदारांचा हप्ता असाच थांबला. नोंदणीच्या वेळीं सेवाकेंद्राच्या चालकानें स्वतःचाच मोबाइल क्रमांक घातला होता; पासवर्डहि त्याच्याच वहींत राहिला. पुढें तो केंद्र बंद करून परगांवीं गेला. ओटीपी त्याच्या फोनवर जाई आणि आमचे बागाईतदार आधारकार्ड हातीं घेऊन बसत. क्रमांक बदलून घेण्यांत एक हंगाम गेला. चालकानें कांहीं चोरलें नाहीं. त्यानें केवळ सोय पाहिली. पण त्या सोयीनेंच घात केला.

“आम्हांस यांतलें कांहीं समजत नाहीं, मुलगा पाहील,” असें कोणी म्हणतील. मदत अवश्य घ्यावी. परंतु मालकी सोडूं नये. नोंदणींत क्रमांक आपलाच असावा. पासवर्ड प्रत्येक पोर्टलास निराळा असावा. त्यांत आपलें नांव, जन्मवर्ष किंवा गट क्रमांक नसावा. स्मरणांत राहत नसल्यास घरच्या वहींत लिहून ती वही कागदपत्रांच्या पेटींत ठेवावी. केंद्रावर काम संपतांच ‘लॉगआउट’ करवून मगच उठावें. ओटीपी कशासाठीं आला, हें संदेशांतच लिहिलेलें असतें. तें वाचल्यावांचून आंकडे उच्चारूं नयेत. फोन करून ओटीपी मागणारा मनुष्य सरकारचा किंवा बँकेचा नव्हे, हें पक्कें जाणावें. पीएम किसानच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडूं नये. तिच्या वाटेनें परका मनुष्य आपल्या फोनांत शिरतो. इतकेंहि करून पैसे गेलेच, तर लाजेनें स्वस्थ न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेस सांगावें. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आपल्या संस्थेसहि एक विनंति आहे. बाजाराच्या दिवशीं एक जाणता तरुण कार्यालयांत बसवावा आणि प्रत्येक सभासदाच्या नोंदणींत त्याचाच क्रमांक आहे कीं नाहीं, हें त्याच्यासमक्ष तपासून द्यावें. बी-बियाण्यांच्या वाटपाइतकेंच हेंहि संस्थेचें काम आहे. जमीन आपल्या नांवावर आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत, ही स्थिति कोणाहि खातेदारास शोभत नाहीं.