धागा : थर्मोपिलीचे तीनशे आणि हिशेबातून गळालेले सातशे

१/१३
तीनशे स्पार्टन, समोर पर्शियाची अफाट सेना आणि अखेरच्या श्वासापर्यंत दिलेली झुंज. इ.स.पू. ४८० मधील थर्मोपिलीची ही कथा इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. तिच्यातील शौर्य खरे आहे. तिच्यातील आकडा मात्र अपुरा आहे आणि तिच्यावरून स्पार्टाचे जे देव्हारे माजवले जातात, ते तर सर्वस्वी निराधार. #इतिहास #ग्रीस

२/१३
प्रथम आकडा. या युद्धाचा मुख्य साक्षीदार हिरोडोटस. खिंडीत उतरलेल्यांची यादीच तो देतो : स्पार्टा ३००, तेगिया ५००, मँटिनिया ५००, कॉरिंथ ४००, थेस्पिया ७००, थीब्ज ४००, फोकिस १००० आणि आणखी कित्येक. पहिले दोन दिवस पर्शियनांना रोखून धरले ते या हजारो जणांनी. एकट्या स्पार्टाने नव्हे.

३/१३
मग एफियाल्टिसने शत्रूला डोंगरातील आडवाट दाखवली. वेढा पडणार हे दिसताच बहुतेक तुकड्या परतल्या. लिओनिडाससोबत उरले स्पार्टन, थीब्जचे ४०० आणि थेस्पियाचे ७००. हिरोडोटसच्या मते थीब्जवाल्यांना बळेच ठेवून घेतले होते आणि ते शेवटी शरण गेले. थेस्पियन मात्र स्वेच्छेने थांबले आणि तेथेच पडले. त्यांचा सेनानी होता डेमोफिलस. हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

४/१३
सातशे हे तीनशेंच्या दुपटीहून अधिक असतात, एवढे गणित पुरेसे असावे. तरीही पुढचे पाहावे. स्पार्टाकडे त्या वेळी सुमारे ८००० पूर्ण नागरिक-योद्धे असल्याचे हिरोडोटस सांगतो. म्हणजे खिंडीत पाठवलेले तीनशे शंभरात चारही भरत नाहीत. थेस्पिया हे बिओशियातील छोटेसे नगर. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या रणांगणावर त्याचे १८०० लोक आले, पण जड शस्त्रास्त्रांविना. ती पेलणारी पिढी बहुधा खिंडीतच संपली होती.

५/१३
आणि किंमत? खिंड पडल्यावर झर्क्सीझच्या फौजेने थेस्पिया जाळून टाकले. अथेन्सही जळाले. स्पार्टा नगरापर्यंत पर्शियन कधीच पोहोचले नाहीत. ज्यांनी सर्वस्व गमावले त्यांच्या वाट्याला तळटीप आली आणि ज्यांचे घर शाबूत राहिले त्यांच्या वाट्याला चित्रपट.

६/१३
खिंडीतील मृतांत आणखी एक वर्ग होता. लढाईनंतर झर्क्सीझने आपल्या आरमारातील लोकांना प्रेते पाहायला बोलावले, तेव्हा त्यांत हेलॉटही पडलेले होते, अशी नोंद हिरोडोटसच करतो. हेलॉट म्हणजे लॅकोनिया आणि मेसेनियातील जिंकलेली, जमिनीला जखडलेली प्रजा. शेती ते कसत. धान्य मात्र स्पार्टनांच्या कोठारात जाई.

७/१३
‘जगातील सर्वश्रेष्ठ योद्धे’ घडले ते याच पायावर. स्पार्टन नागरिक आयुष्यभर कवायत करू शकला, कारण त्याचा नांगर दुसरा कोणी धरत होता. प्लॅटियाला ५००० स्पार्टनांसोबत ३५,००० हेलॉट गेले. एका योद्ध्यामागे सात.

८/१३
त्यांना वागवले कसे जाई? स्पार्टाचे एफोर दरवर्षी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, जेणेकरून त्यांना मारल्याचे पाप लागू नये. ॲरिस्टॉटलच्या आधारे प्लूटार्क हे सांगतो. थ्यूसिडिडीसची नोंद याहून भीषण आहे : युद्धात पराक्रम गाजवल्याचा दावा करणाऱ्या हेलॉटांना पुढे यायला सांगितले, सुमारे २००० निवडले, पुष्पमाला घालून मुक्त म्हणून मिरवले आणि मग ते नाहीसे झाले. कोण कसा मेला, हे कोणालाच कळले नाही.

९/१३
‘पण स्पार्टा ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी लढला ना?’ लढला. प्लॅटियाच्या विजयाचे नेतृत्वही स्पार्टाच्या पॉसानियसचेच होते. परंतु इ.स.पू. ४१२ मध्ये याच स्पार्टाने अथेन्सला हरवण्यासाठी पर्शियाशी करार केला आणि आशियातील ग्रीक नगरांवरील सम्राटाचा हक्क मान्य केला. इ.स.पू. ४०५ मध्ये लायसँडरने अथेन्सचे आरमार काबीज केले ते पर्शियन पैशाच्या बळावर. इ.स.पू. ३८६ च्या ‘राजाच्या तहा’ने ती नगरे पुन्हा पर्शियाला देऊन टाकली.

१०/१३
दुसरा आक्षेप : ‘गुलाम तर अथेन्समध्येही होते.’ अगदी बरोबर. सॅलॅमिसला लढलेल्या जहाजांचा पैसा लॉरियनच्या खाणींतून आला आणि तेथील चांदी गुलामांनी उपसली. हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या जहाजांची वल्ही मुख्यतः अथेन्सच्या गरीब नागरिकांनी मारली. एका त्रायरीमवर १७० वल्हेकरी. झर्क्सीझचे आरमार मोडले ते त्यांनी आणि मित्रनगरांच्या खलाशांनी. त्यांच्या उघड्या पाठींवर कोणी भव्य चित्रपट काढत नाही.

११/१३
स्पार्टाचा शेवटही याच कथेचा भाग आहे. नागरिकत्वाचे दार घट्ट बंद ठेवणाऱ्या या नगराचे योद्धे घटत गेले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला सुमारे ७०० स्पार्टन उभे होते. त्यांतले ४०० पडले. नंतर थीब्जच्या एपामिनोंडासने मेसेनिया मुक्त केला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हेलॉटांना स्वतःचे नगर मिळाले. स्वातंत्र्याचा उत्सवच करायचा तर त्या दिवसाचा का करू नये?

१२/१३
मराठी वाचक थर्मोपिलीची तुलना पावनखिंडीशी हमखास करतो. करावी. मात्र १६६० च्या त्या खिंडीचे नाव निघताच महाराष्ट्र बाजीप्रभूंसोबत बांदलांनाही आठवतो आणि सिद्दी जौहरच्या छावणीत गेलेल्या शिवा काशिदालाही. मग ग्रीसच्या खिंडीत पोहोचताच हीच न्यायबुद्धी कुठे जाते?

१३/१३
इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत थीब्जच्या बाजूने लढताना थेस्पियाचे तरुण पुन्हा मोठ्या संख्येने पडले. पुढच्याच वर्षी थीब्जने त्या दुबळ्या झालेल्या नगराचा तट पाडून टाकला. थर्मोपिलीत लिओनिडासचे स्मारक १९५५ मध्ये उभे राहिले. सातशे थेस्पियनांचे १९९७ मध्ये. दगडाला सुचायला बेचाळीस वर्षे अधिक लागली. वाचकाला तेवढी लागू नयेत. यापुढे कोणी ‘तीनशे’ म्हटले, तर विचारावे : आणि सातशे? आणि ज्यांची मोजदादच कोणी केली नाही, ते हेलॉट?